दारातला थर्मामीटर

अमोलचा फोन आला तेव्हा मी सायलीसाठी भाताची पेज गाळत होते. सकाळची वेळ, शेजारच्या शेगडीवर चहा चढवलेला. फोन उचलला तर पलीकडून नुसता गाड्यांचा आवाज, आणि मध्येच कुणीतरी तेलुगूत एक नाव पुकारल्याचा. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तो म्हणाला, "आई, आत्या गेली." जवळ कोण होतं, मी विचारलं. कुणी नव्हतं म्हणाला, आयसीयूच्या काचेच्या आत कुणालाच सोडत नाहीत... मी गॅस बंद केला. पेज वाटीत ओतली, वर तूप घातलं आणि माझ्या सुनेला, सायलीला, नेऊन दिली. तिला लगेच काही सांगितलं नाही, कारण जी गेली तिचीच तशी सक्त ताकीद होती, पोटुशी बाई आजारातून उठतेय, तिला उपाशीपोटी काही वाईट सांगायचं नाही. तिनं पेज संपवली, वाटी खाली ठेवली, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा मी तिच्याजवळ बसले.

अक्का म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. अक्का म्हणणारं आमचं एक घर, बाकी आमची सगळी वस्ती, चिक्कडपल्ली, त्यांना 'डाक्टरम्मा' म्हणायची. आम्ही मूळचे नांदेडकडचे, निजामाच्या राज्यातले शेतकरी लोक. दोन पिढ्यांपूर्वी नोकरीच्या निमित्तानं हैदराबादेत आलो ते इथलेच झालो. अक्कांचं लग्न लवकर झालं आणि वर्ष-दोन वर्षांत नवरा जीपच्या अपघातात गेला. माझे सासरे हट्टी. ते गाडी करून लेकीच्या सासरी गेले, तिची पेटी उचलली आणि इथं आणून तिला डॉक्टरीला घातलं. तो हट्ट अक्कांच्या अंगात पुरेपूर उतरला होता. मी नवी नवरी म्हणून ह्या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात मला उजेडाकडे वळवून त्यांनी माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही." मला असा राग आला म्हणता! पोरगी वासरू आहे का, दात मोजून घ्यायला? मी किती दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्या मात्र रोज सकाळी मूठभर गूळ-शेंगदाणे आणून हातावर ठेवायच्या आणि मी खाईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. त्यांच्यापुढे मी तेव्हाच हात टेकले.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा दवाखाना. बाहेर ओसरीवर एक लांब लाकडी बाक, आणि टेबलावर काचेच्या पेल्यात स्पिरिटमध्ये उभे केलेले थर्मामीटर. हल्लीचे ते टुकटुक वाजणारे त्यांना नको असायचे. पाऱ्याचाच. तो मनगटाला झटका देऊन उतरवायचा, जिभेखाली ठेवायचा, आणि मग दाराच्या उजेडात जाऊन, मान कलती करून, डोळे बारीक करून वाचायचा. तोवर पेशंटनं बोलायचं नाही, की अक्काही बोलायच्या नाहीत. सगळ्या दिवसात तेवढ्याच वेळात ही बाई गप्प असायची. तेलुगू पेशंटशी तेलुगू, जुन्या शहरातून येणाऱ्यांशी दखनी, आणि आमच्याशी नांदेडी मराठीत दोन्ही कालवून. "हौ रे हौ, कळलं, परेशान नक्को हो," असं एकदा म्हणाल्या की निम्मं दुखणं तिथंच उतरायचं. त्यांना स्वतःला मात्र लहानपणापासून दमा. पंप कायम कनवटीला.

एक गोष्ट मला त्यांची आवडायची नाही. हळदीकुंकू असो, ओटी असो, बारसं असो, अक्का कुठंच पुढे यायच्या नाहीत. घरातल्या कुणी अडवलं नव्हतं, सासरे तर उलट ओरडायचे. पण तरुणपणी कुठल्याशा बारशात त्या पाळण्याजवळ गेल्या आणि एका म्हातारीनं बाळावर झटकन पदर ओढला, तेवढं त्यांनी पाहिलं. तेव्हापासून कार्य निघालं की त्यांना हमखास पेशंट यायचे. मी भांडायचे. एवढी शिकलेली बाई तुम्ही, कुठल्या काळात राहता? त्या हसून म्हणायच्या, "इमल, मला गर्दीत दम लागतो." दमा होताच, त्यामुळे पुढे बोलायची सोय नसायची.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहर कुठल्या कुठं गेलं. आमचा अमोल त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत नोकरीला लागला, तिथंच पुण्याहून आलेली सायली त्याला भेटली, आणि आमच्या घरात पुणेरी बोलणं आलं. पोरगी गोड. लहानपणीच आई गेलेली, वाढवलं ते मावशीनं, शोभाताईंनी. अक्कांचं आणि सायलीचं लगेच जमलं. फक्त एका गोष्टीवरून दोघींची रोजची कुरबुर, खिडक्या. ही कंपनीच्या बंद गाडीतून बंद इमारतीत जाणार, बंद इमारतीतून परत यायचं, आणि घरी आली की आधी एसी लावून खिडक्या लावणार. अक्का वर जाऊन त्या उघडायच्या. "तुमच्या त्या काचेच्या डब्यात एकानं खोकलं की सगळ्यांनी तेच हुंगायचं," म्हणायच्या. आम्ही हसायचो. ह्या उन्हाळ्यात सायलीला दिवस गेल्याचं कळलं, आणि पावसाळा लागला तसं ते हसणं बंद झालं.

पुण्याच्या बातम्या आधी टीव्हीच्या खालच्या पट्टीत यायला लागल्या. मग पट्टीतून वर आल्या. स्वाइन फ्लू हा शब्द आमच्या भाजीवाल्या यादम्माच्या तोंडी आला तेव्हा मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. सिग्नलला पोरं गजऱ्यांऐवजी मास्क विकायला लागली. कुणी रुमालावर निलगिरीचं तेल, कुणी कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी गळ्यात. बसमध्ये कुणी शिंकलं की दोन सीटा मोकळ्या व्हायच्या. आणि ह्या सगळ्यात विचित्र म्हणजे शांतता... संध्याकाळी बाजाराच्या रस्त्यावर एरवी माणसाला माणूस लागतं, तिथं दुकानदार दारात उभे राहून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत बसायचे.

अक्कांनी तापाच्या पेशंटला खोलीत घेणंच बंद केलं. बाक ओसरीवरून उचलून अंगणात बदामाच्या झाडाखाली नेला, दोघांच्यामध्ये एका माणसाची जागा सोडायची, आणि तपासणी तिथंच, वाऱ्यावर. नळाजवळ साबण बांधून ठेवला. लोक 'सुई मारो डाक्टरम्मा' म्हणून हटून बसायचे, त्यांना सांगून सांगून अक्कांचा घसा बसला, की हा विषाणूचा ताप आहे, ह्याला सुई आणि ती लाल-पिवळी कॅप्सूल चालत नाही, घरी पडून राहा, पाणी प्या, तोंडाला कापड बांधा, आणि ताप उतरून परत चढला किंवा धाप लागली तर एक मिनिट थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा. कापराची पुरचुंडी बघून चिडायच्या नाहीत. "घाल गळ्यात, पण हात धू," एवढंच. रात्री जेवताना मात्र बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "इमल, ह्या खेपेला म्हातारे नाहीत जायले. तरणी जायलीत. आणि पोटुशा." आणि वर सायलीच्या खोलीकडे बघितलं. 

अशात सायलीला सातवा लागला. डोहाळजेवण करू नये असं अक्का स्वच्छ म्हणाल्या. पण पुण्याहून शोभाताईंचे फोनावर फोन. पोरीला आई नाही, तिची माहेरची ओटी भरली नाही तर मी तिच्या आईला वर गेल्यावर काय तोंड दाखवू, म्हणून रडायच्या. सायलीही गप्प गप्प. शेवटी अक्काच नमल्या, पण त्यांच्या अटींवर. मोजकी माणसं. सगळ्या खिडक्या उघड्या. आणि दारात त्या स्वतः थर्मामीटर घेऊन बसणार, ताप निघाला तर ती कुणीही असो, फाटकातूनच परत. तसं पुण्यालाही फोन करून बजावलं. शोभाताई हो हो म्हणाल्या.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जरीच्या साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या बायका बदामाखालच्या बाकावर ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या तोंडात थर्मामीटर. दुसऱ्या घरी दारात अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. आमच्याकडे अक्का, पांढऱ्या साडीवर डॉक्टरी कोट, पारा झटकतायत. बायकांना आधी हसू आलं, मग त्यांनी नाकं मुरडली, पण तोंडात नळी असल्यामुळे बोलता कुणालाच येईना. वर सायली हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून चौरंगावर बसलेली, आणि शोभाताईंचा पत्ता नाही. त्यांची एसी बस जहीराबादजवळ पावसात बंद पडली होती. उघडता न येणाऱ्या काचांची ती बस, आणि रात्रभर आणि निम्मी सकाळ सगळी माणसं आत.

त्या आल्या तेव्हा ओटीची वेळ होऊन गेली होती. रिक्षातून उतरल्या त्या थेट बाकावर बसल्या आणि शहाण्या मुलीसारखं तोंड उघडलं. अक्कांनी पारा बघितला. ताप नव्हता. पण त्या थर्मामीटर खाली ठेवीनात. शोभाताईंच्या कपाळावर, ओठांवर घामाचे थेंब होते. हैदराबादची गरमी, त्या म्हणाल्या. बाहेर पाऊस पडून गेलेला, गार वारं सुटलेलं. अक्कांनी त्यांचं मनगट हातात धरलं, थोडा वेळ धरूनच ठेवलं, आणि मग 'बसा जरा' म्हणून आत माझ्याकडे आल्या.

"ही गोळी खाऊन आली आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ताप उतरताना फुटतो तसला घाम आहे तो."

मी म्हटलं, मग? त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. असं घुटमळताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पारा साफ होता, हाती पुरावा काही नव्हता, आणि वर ती पोरगी दाराकडे डोळे लावून बसली होती. शेवटी म्हणाल्या, ओटी भरू दे, मास्क लावून, हात धुवून, हात लांब करून. पण घास नाही भरवायचा. तेवढं मी बघते.

शोभाताईंनी ओटी भरली, अगदी सांगितल्याप्रमाणे. पण सायलीनंच खाली वाकून त्यांच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा कोण काय करणार? दोघी रडल्या. बायकांनी डोळे टिपले. मग कुणीतरी म्हणालं, माहेरचा पहिला घास मावशीचा. पुण्याहून त्यांनी स्वतः केलेल्या ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या होत्या. फोटोसाठी मास्क खाली ओढला गेला. करंजी मोडायच्या आधी त्यांना खोकला आला, तो त्यांनी हातात घेतला, हात पदराला पुसला, आणि त्याच हातानं करंजीचा तुकडा सायलीच्या तोंडाशी नेला. मी ताटाच्या पलीकडे होते. माझा हात तिथवर पोचला नसता.

अक्का दाराबाहेर होत्या, नेहमीसारख्या. त्या कधी आत आल्या ते दिसलंच नाही. अनवाणी, भराभर, बायकांच्या मधून वाट काढत त्या थेट चौरंगाशी आल्या, शोभाताईंचं मनगट धरलं आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला. "डोहाळे मला लागलेत, शोभाताई," त्या चावत चावत म्हणाल्या. "आधी माझे पुरवा." सगळ्याजणी हसल्या. शोभाताईही हसल्या, बिचाऱ्या. अक्कांनी चौरंगापुढचं ताटच उचललं, 'हे माझं उष्टं झालं, इमल, पोरीला दुसरं वाढ' म्हणाल्या, आणि शोभाताईंना हाताला धरून आपल्याबरोबर खिडकीशी नेऊन बसवलं. कुणीतरी वारं येतंय म्हणून ती खिडकी लोटली होती, ती त्यांनी सताड उघडली. वारं आत घुसलं आणि औक्षणाच्या ताटातलं निरांजन विझलं.

हसणं तिथंच थांबलं.  मागून एक आवाज आला, हलका पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, विधवा बाईनं डोहाळजेवणाचं ताट उष्टं केलं... अक्कांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्या ताट मांडीवर घेऊन, खिडकीत बसून, सगळं जेवल्या. तीस-पस्तीस वर्षांत कुठल्या कार्यात अक्का पंगतीला बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या त्या अशा.

संध्याकाळी शोभाताई तापानं फणफणल्या. बस निघायच्या आधीपासूनच अंग कसकसत होतं, आणि अक्कांचा थर्मामीटर आठवून त्यांनी रिक्षात बसताना गोळी घेतली होती, तसं त्यांनी स्वतःच रडत सांगितलं. अक्का एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांना खाली वेगळ्या खोलीत ठेवलं, त्यांचं सगळं स्वतः केलं. मला तिथं फिरकू दिलं नाही. तू फक्त सायलीचं बघायचं, एका आजाऱ्यामागं एकच माणूस, म्हणाल्या.

दोन-तीन दिवस आम्ही सगळे सायलीचा चेहरा बघत होतो. ती शिंकली तरी अमोल पुस्तक खाली ठेवायचा. आणि मग एका दुपारी ती म्हणाली, आई, माझे पाय दुखतायत. कपाळाला हात लावला तर चटका. मी खाली ओरडले. अक्का वर आल्या, दाराच्या उजेडात पारा वाचला, आणि अमोलला गाडी काढायला सांगितली. स्वाइन फ्लूवरचं औषध तेव्हा दुकानात मिळत नव्हतं, ठरवून दिलेल्या सरकारी दवाखान्यातच मिळायचं. तिथं तिच्या घशातला नमुना घेतला, पण रिपोर्ट येईपर्यंत थांबायला अक्का तयार नव्हत्या. त्यांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून त्याच संध्याकाळी पहिली कॅप्सूल दिली. पुण्याहून नातेवाइकांचे फोन, पोटुशीला कसली औषधं देताय, बाळाला काही झालं म्हणजे? सायलीनंही भिऊन तेच विचारलं.

"औषधानं बाळाचं काय होईल, ते मी छातीठोक नाही सांगू शकत, पोरी," अक्का म्हणाल्या. "न दिल्यानं काय होतं, ते मी ह्या महिन्यात बघितलंय."

सायलीनं कॅप्सूल गिळली.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. कुशीवर निजवायचं, घोट घोट पाणी, पेज, तापाची गोळी वेळेवर, खिडकी उघडी, आणि मी तोंडाला मास्क बांधून उशाशी. ओठांकडे बघत राहा, निळसर दिसले तर हाक मार. बोलताना वाक्य तुटतंय का बघ. बाळ हलतंय का, तिला विचारत राहा. अक्का येऊन तिच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावायच्या, आकडा बघायच्या आणि मला काही न सांगता जायच्या. मी त्यांच्या पाठीवरून अंदाज करायचे. जीव नुसता टांगणीला. आणि त्यात फोन. डोहाळजेवणाला आलेल्या, आमच्या महिला मंडळातल्या एक बाई सहानुभूतीनं म्हणाल्या, निरांजन विझलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती हो, अक्कांनी त्या दिवशी पुढे यायला नको होतं. आजार आला पुण्याच्या बसनं, आणि बोल लागला अक्कांना. मी म्हटलं, बाई, निरांजन वाऱ्यानं विझतं, आणि तुमच्या घरच्या चारजणांना तापातून कुणी उठवलं ते आधी आठवा. फोन आपटला. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी आवरतं घेतलं होतं.

सायलीचा ताप उतरला. उतरला तसा मी जास्तच घाबरले, कारण उतरून चढतो तो वाईट, हे ऐकलेलं होतं. तो चढला नाही. एक दिवस तिनं सकाळी उठून डोसा मागितला. मी धावत खाली गेले अक्कांना सांगायला. त्या बदामाखालच्या बाकावर बसल्या होत्या, एकट्या, पेशंट एकही नाही, पंप हातात. ते बोटाचं यंत्र ह्या वेळी त्यांच्या स्वतःच्या बोटाला होतं.

मला लांबच थांब म्हणाल्या. ताप कालपासून आहे, औषध कालच सुरू केलंय, सगळं करायचं ते केलंय. खरंच केलं होतं. डॉक्टर लोक स्वतःकडे दुर्लक्ष करतात म्हणतात, तसल्या त्या नव्हत्या. शिस्तीनं वेळेवर औषध घेतलं, आणि दम वाढायच्या आधी स्वतःच दवाखान्याची पिशवी भरली होती. मी तिथंच उभ्या उभ्या शोभाताईंना नको नको ते बोलले. त्या बऱ्या होऊन पुण्याला परत गेल्या होत्या. अक्कांनी मला बोलू दिलं, आणि मग हात वर केला. एकेका शब्दाला थांबत म्हणाल्या, "कुणापासून आलं, ते हुडकत बसू नको. रोज ह्या बाकावर शंभरजण माझ्या तोंडावर खोकलेत." मग थोडा वेळ नुसता श्वास. "बारशाला शोभाताईंना बोलव. दारात थर्मामीटर लाव... पण बोलव."

अमोलनं गाडी आणली. त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि आधी काच खाली केली. तेवढंच मला शेवटचं दिसलं, काच खाली जाताना. पुढे दवाखाना, नळ्या, यंत्राचा श्वास, आणि तो सकाळचा फोन. अंत्यविधीलाही चारच माणसं, तीही लांबून. ज्या बाईनं सगळ्या चिक्कडपल्लीच्या नाड्या धरल्या तिला शेवटचा हात लावायला कुणी नव्हतं. हे लिहितानाही माझा संताप संताप होतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

शोभाताईंवर काढला. त्यांचे फोन येत, मी न बोलता सायलीकडे देई.   दिवाळीच्या पुढेमागे सायलीला मुलगी झाली, वजनाला जराशी कमी, पण आवाज असा की दवाखान्याच्या खालच्या औषधांच्या दुकानात ऐकू जावा. मग बारशाचं निघालं. मी यादी केली, परत केली, आणि त्यात एक नाव नव्हतं. मग एक दिवस दवाखाना झाडायला म्हणून मी अक्कांची खोली उघडली. टेबलावर पेला तसाच, स्पिरिट उडून गेलेलं, थर्मामीटर कोरडे उभे. मी त्यात नवं स्पिरिट घातलं. आणि तिथूनच, अक्कांच्या टेबलावरच्या फोनवरून, पुण्याला फोन लावला.

शोभाताई परवा आल्या. बसनं नाही, आगगाडीनं, साध्या डब्यातून, खिडकी उघडी ठेवून, तसं त्यांनी न विचारता सांगितलं. नामपल्लीला उतरून रिक्षानं आल्या आणि फाटकाच्या बाहेरच उभ्या राहिल्या. तोंडाला मास्क, हातात बाळंतविड्याची पिशवी. किती वाळल्यात बाई! मी फाटक उघडलं तरी आत पाऊल टाकेनात. थंडी पडायला लागली आहे, टीव्हीच्या पट्टीत तो शब्द परत फिरतोय, आणि शेजारच्या ओसरीवर कुणीतरी खोकत होतं.

"आधी ते लावा," त्या म्हणाल्या. "मी गोळी घेतलेली नाही."

मी त्यांना बदामाखाली बाकावर बसवलं. आतून पेल्यातला एक थर्मामीटर आणला, धुतला, मला येतो तसा झटकला, आणि त्यांच्या जिभेखाली ठेवला. मग मीही बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पारा चढेपर्यंत बोलायचं नसतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात नळी असल्यामुळे त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. माझंही तेच चाललं होतं. मधल्या रिकाम्या जागेवर बदामाची दोन लाल पानं पडली होती.

मी थर्मामीटर घेऊन दाराच्या उजेडात गेले. मान कलती केली, डोळे बारीक केले. चष्म्यातून ती रेघ मला लवकर सापडेना, आणि त्या तिकडे श्वास धरून बसलेल्या. सापडली.

"ताप नाही," मी म्हटलं. "आत चला. खिडकीपाशी बसा."